लख्याचं जू

१९६४ सालचा चैत्र. कोल्हापूरच्या गूळबाजारात ऊन चढलं होतं.

“मग अजून काय शिकायचं राहिलं माझं?” शिदूनं विचारलं.

इसाकचाचा बाजारातले सगळ्यांत जुने गाडीवान. ते ज्याला गाडीवान म्हणतील, त्याच्याच हाती व्यापारी भरली गाडी सोपवत. त्या एका शब्दासाठी शिदू त्यांच्या हाताखाली राबत होता.

आज गाडीत गुळाचे रवे, त्या जड ढेपा, त्यानं एकट्यानं रचले होते. भार मागं नाही, पुढं नाही. जू बोटानं उचलावं, असा तोल.

चाचांनी जू उचलून पाहिलं.

“सपाटीला झकास,” म्हणाले, आणि निघालेल्या गाडीमागून चालू लागले.

पुलाच्या चढावर भार मागं गेला, गाडी उलाळ झाली. जू वर उचललं, गळ्याखालची दोरी आवळली. म्हातारा बैल लख्या गुडघ्यांवर बसला.

मागं गाड्या तुंबल्या. शिदूनं चाबूक उगारला. येत्या बाजारी हा बैल विकूनच टाकतो, असं तणतणला.

चाचांनी चाकांना दगड लावले. लख्याची दोरी सोडली. ती हातात धरून विचारलं,

“मागं एकदा तू तापानं गाडीत निपचित पडला होतास. घरी कुणी आणलं?”

“... लख्यानं.”

“हाकायला कोण होतं?”

“कुणीच न्हाई.”

चाचा दोरी धरून उभेच राहिले.

शिदूनं चाबूक गाडीत टाकला. लख्याच्या जागी जुवाखाली मान घातली, दोरी गळ्याशी बांधून घेतली. दुसऱ्या बैलासंगं जोर लावला, तशी दोरी गळ्यात रुतली. डोळ्यांपुढं अंधारी आली.

मागून कुणी ओरडलं, “शिद्या, पेंड खाल्लीस का न्हाई?”

लोक हसले. शिदू हसला नाही. बाहेर आला, मागचे रवे एकेक करून पुढं रचले. मग पुन्हा जुवाखाली गेला. आता भार मानेवर बसला, गळा मोकळा राहिला.

चाचांनी दगड काढले, चाकाला खांदा दिला.

गाडी चढ चढली. मोकळ्या मानेचा लख्या मागून सावकाश आला.

वर पोचल्यावर शिदूनं त्याचा गळा दोन्ही हातांनी चोळला. बराच वेळ. मघाचा प्रश्न चाचांना पुन्हा विचारला नाही.

चाचांनी लख्याच्या कपाळावर हात ठेवला.

“लख्या... तुझ्या गाडीवानानं ऋण फेडलं बघ.”