प्रधानजींची पायली

मीठबंदरच्या राज्याचं पोट मोठं, आणि प्रधान व्यंकोपंतांचं त्याहून मोठं. डोंगरातली तीन चिमुकली राज्यं मात्र एकच बाजार भरवत, एकाच पायलीनं धान्य मापत, त्यामुळे पंतांना त्यांच्या धान्याचा भाव पाडता येईना. तहाच्या बोलणीसाठी त्यांनी तिन्ही कारभाऱ्यांना वेगवेगळ्या दालनांत बसवलं आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "धान्याच्या बदल्यात मीठ तुम्हाला त्या दोघांपेक्षा जास्त. फक्त त्यांच्या वाटेवर जकातनाके बसवा."

त्या रात्री डोंगरच्या रिवाजाप्रमाणे तिघं एकाच ताटात जेवायला बसले. दोघे कारभारी गालातल्या गालात हसत होते. तिसऱ्या राज्याची कारभारीण गोजराक्का काय ते समजली.

दुसऱ्या दिवशी मीठबंदरच्या भर दरबारात ती राजाला म्हणाली, "महाराज, आम्हाला मीठ नको. प्रधानजींची पायली तेवढी द्या."

"कसली पायली?" महाराजांनी विचारलं.

"तिघांतल्या प्रत्येकाला इतर दोघांपेक्षा जास्त मापून देणारी. काल आम्हा तिघांनाही त्यांनी तसाच शब्द दिलाय. असली पायली घरात असली, तर शेजारी हवेत कशाला?"

दोघा कारभाऱ्यांचं हसू मावळलं. महाराज पंतांकडे बघत राहिले.

तह तिघांशी मिळून एकच झाला, नाके काही बसले नाहीत. पंत मात्र तशी पायली करून देणारा सुतार अजून शोधताहेत.