चाळीस स्पोक आणि दोन चहा

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पाहिली माझ्या मावसभावाने, आणि त्यालाही ती कोणीतरी सांगितली होती. पण एवढ्याने तिचं खरेपण काही कमी होत नाही.

एकदा एक वृद्ध सायकल-मिस्त्री होते. त्यांचा शिष्य सोपान हा तिशी उलटलेला गृहस्थ. दोन धंद्यांतून हात हलवत परतलेला. हाही गेला तर घरी कोणत्या तोंडाने जायचं, या चिंतेने ग्रासलेला. मिस्त्री अत्यंत मितभाषी. त्यांचं मन कळण्याची एकच खूण होती. काम पसंत पडलं की टपरीवर दोन चहा सांगत, नाही पडलं की एक.

पंधरा दिवस सोपानला चहा मिळाला नव्हता.

त्याला कारण एक पाववाला. कॅरियरवर पावांची भलीमोठी पेटी लादून तो पाच गावं फिरे, आणि दर तिसऱ्या दिवशी मागच्या चाकाचा स्पोक तुटला म्हणून दारात हजर होई. सोपान नवा घाली, दातओठ खाऊन आवळी. पुन्हा तुटे. कधी तोच, कधी दुसरा एखादा.

पाचव्या खेपेला पाववाल्याने सायकल दारातच आपटली. "मिस्त्री, तुमचा हा माणूस स्पोक बसवतो की शेवया? आता तुटला तर मी चाललो नाक्यावरच्या दुकानात!"

सोपानने मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली.

मिस्त्री उठले. त्यांनी चाक सोडवलं आणि स्पोक आवळायच्या चावीने एकेका स्पोकावर टिचकी मारली. ठक्. ठक्. ठक्. मग सोपानने आधीच्या एका खेपेला आवळलेल्यावर: टण्ण! त्यांनी एकवार सोपानकडे पाहिलं, आणि नवा स्पोक घालायचं सोडून होते नव्हते ते सगळे सैल करायला लागले.

"अहो बाबा, एक तुटलाय, चाळीस नाही!" पाववाला किंचाळला.

मिस्त्रींनी नवा स्पोक घातला, मग चाक फिरवत एकेकाला थोडा थोडा सारखाच पीळ देत गेले. अखेरीस पुन्हा टिचक्या मारल्या. चाळीसांतून एकच नाद निघाला. असा की समोरच्या देवळातला पुजारी आरती सुरू झाली समजून धावत आला.

मग मिस्त्री म्हणाले, "सोपान, स्पोक कच्चा नव्हता, तुझा हातही कच्चा नव्हता. बाकीचे ढिले पडले होते, आणि त्यांच्यात तू एकालाच ताठ उभा केलास. सगळी पेटी त्या बिचाऱ्याच्या बोकांडी. तुटलेल्याला नावं ठेवण्याआधी, न तुटलेले काय करत होते ते पाहावं."

सोपानने इतका मोठा सुस्कारा सोडला की पाववालाही हसला. त्यानंतर पाववाला दुकानात येतो, तो फक्त हवा भरायला.

आता कबुली. पुजारी खरंच आला होता. भाषण मात्र मी घातलं. मिस्त्रींना एवढं बोलताना आजवर कोणी ऐकलेलं नाही. प्रत्यक्षात त्यांनी चावी सोपानच्या हाती दिली, त्याच्याकडून एकेक स्पोक वाजवून घेतला, शेवटच्या टिचकीपर्यंत डोळे मिटून ऐकलं, आणि टपरीकडे तोंड करून हाक मारली, "दोन आण रे!"

सोपानला तेवढ्यानेच सगळं समजलं होतं.