निरगुडीचा वास

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक सांबरीण आपल्या पाडसासह राहत असे. स्वभावाने ती इतकी संशयी, की रोजच्याच ओढ्याचे पाणी तोंडाला लावण्याआधी तीनदा हुंगायची. पान हलले तरी त्या पानाच्या मनात काय आहे, हे तिला आधी कळायला हवे असायचे. मुलांनो, हसू नका. ज्या जंगलात कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, टोळीने शिकार करतात, तिथे संशयी सांबरीणच म्हातारी होते.

त्या वर्षी गवत माजले आणि गवताबरोबर गोचिडीही माजल्या. पाडसाच्या मानेखाली, जांघेत, शेपटीच्या मुळाशी त्या दाटीवाटीने चिकटल्या आणि रक्त पिऊन टरटरून फुगल्या. पाडस वाळत चालले. चार पावले धावले की त्याचे पाय लटपटत. कोळसुंदे आले तर हे मागे राहणार, हे आईला दिसत होते आणि तिच्या तोंडात घास फिरत होता. पाठीवर बसून गोचिडी टिपणाऱ्या साळुंकीलाही ते पाहवेना. ती म्हणाली, "सांबरताई, ओढ्याकाठच्या निरगुडीत बाळाला घेऊन लोळ. तिच्या पानांत उग्र तेल असतं, ते किड्यांना सोसत नाही. मी घरट्यात तीच पानं अंथरते."

सांबरिणीने लगेच कान टवकारले. गोचिडी संपल्या तर ही खाणार काय? आपल्याच अन्नात माती कालवायला ही का निघाली आहे? तिने तसे तोंडावर विचारलेही. साळुंकी म्हणाली, नाकतोडे खाऊनही पोट भरते, बाळ मात्र परत मिळत नाही. एवढे गोड बोलणे ऐकून सांबरिणीला आणखीच शंका आली. त्यातून सांबरांची पिढ्यानपिढ्यांची रीत अशी, की अंगाला परका वास लागू द्यायचा नाही. वासावरूनच तर शिकारी माग काढतात. तेवढ्यात तिच्या डोक्यात एक बारीक आवाज म्हणाला, "ही कोळसुंद्यांना सामील असणार. वास लागला की संपलंच." आपले मन किती हुशार, असे सांबरिणीला वाटले. पण तो आवाज तिच्या मनाचा नव्हताच. तिच्या डाव्या कानात खोलवर एक जुनी, वाटाण्याएवढी गोचीड मुक्काम ठोकून होती, ती बोलत होती. सांबरिणीने पाडसाला निरगुडीपासून लांब ठेवले. साळुंकीलाही पाठीवर बसू देईना.

पाचव्या दिवशी सकाळी पाडस उठलेच नाही. आणि नेमकी तेव्हाच टेकाडापलीकडून कोळसुंद्यांची शीळ ऐकू आली. सांबरिणीने पाडसाला नाकाने ढकलत कसेबसे उभे केले. पळणे शक्य नव्हते. जवळ आडोसा होता तो एकच, निरगुडीचा. ती पाडसाला घेऊन त्या दाट झुडपांत शिरली आणि त्याला अंगाखाली घेऊन बसली. पाने चुरडली, उग्र दर्प दोघांच्या अंगाला लागला. कोळसुंदे आले, झुडपाभोवती फिरले, नाके फेंदारून हुंगू लागले.

"बाहेर पड," डोक्यातला तो बारीक आवाज कळवळून म्हणाला. "आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

सांबरीण दचकली. बाहेर कोळसुंदे, पोटाशी बाळ, आणि माझेच मन मला बाहेर जा म्हणते? जन्मात पहिल्यांदा तिला त्या आवाजाचाच संशय आला. नीट ऐकले, तर तो डाव्या कानातून येत होता. तिने हळूच मान कलती केली आणि डावा कान चुरडलेल्या पानांत खुपसला. आवाज एकदा चिरकला, मग क्षीण झाला, मग थांबला. कानातून वाटाण्याएवढे काहीतरी घरंगळून मातीत पडले. बाहेर कोळसुंद्यांना निरगुडीखेरीज कशाचाच वास लागेना. एक शिंकला, दुसरा कंटाळला आणि टोळी निघून गेली.

त्यानंतर सांबरीण पाडसाला घेऊन रोज त्या झुडपांत लोळू लागली. गोचिडी एकेक करून गळल्या आणि पंधरवड्यात पाडस आईच्या पुढे धावू लागले. सांबरिणीने साळुंकीची माफी मागितली, अर्थात थोडी अडखळतच. स्वभाव काही बदलला नाही. पाणी ती अजूनही तीनदा हुंगते. फक्त आता कुणाविषयी शंका आली की आधी स्वतःचे कान झटकते.

तात्पर्य : दुसऱ्यावर संशय घेण्याआधी तो संशय आपल्या मनात कोण घालत आहे, ते पाहावे; कारण आपल्या दुखण्यावर जगणाऱ्याला आपले औषध नेहमीच विष वाटते.