ढोलीचे मोल

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. राहत असे हे आपले म्हणायचे. एरवी दोघे रानभर उंडारत. पण अंडी घालायची वेळ आली की ओढ्याकाठच्या सातविणीच्या म्हाताऱ्या झाडाकडे न चुकता परत येत. मादी त्या झाडाच्या ढोलीत शिरे, आतून ढोलीचे तोंड लिंपून घेई आणि उरलेल्या बारीकशा फटीतून नर तिला एकेक फळ भरवी. वर्षभर कुठेही भटकला तरी नराचा जीव त्या ढोलीत अडकलेला असे.

एका वर्षी ते दूर असताना प्राण्यांची सभा भरली. ओढ्याला पूर आला की पलीकडची उंबरे खायला कुणालाच जाता येत नसे. पूल हवा होता. हुशार कोल्हा झाडांचे मोल ठरवू लागला. "हा आंबा फळं देतो, तो वड सावली देतो. ही सातवीण पोकळ आणि म्हातारी. हिच्यापासून मिळतं काय? काही नाही!" सर्वांनी माना डोलावल्या. हत्तीने खांदा लावला आणि झाड ओढ्यावर आडवे झाले. पूल झकास झाला, हे मात्र कबूल करायला हवे.

धनेश परतले. नराने तिथे तीनदा घिरट्या घातल्या. वाट चुकलो, असेच त्याला वाटले. मादीने झाडामागून झाड चोचीने ठोकून पाहिले. सगळी भरीव, तरणीताठी. तिची वेळ तर अगदी जवळ आली होती.

कोल्हा मनाचा वाईट नव्हता. तो ओशाळून म्हणाला, "गड्या, तुझं नुकसान भरून देतो. पलीकडचं सगळ्यात मोठं उंबराचं झाड आजपासून तुझं."

"उंबरं भरवू कुणाला, कोल्हेदादा?" नर म्हणाला.

"मग दोन झाडं घे!"

"मला ढोली हवी."

"तशी ढोली व्हायला किती दिवस लागतात रे?" हत्तीने दबकत विचारले.

"ठाऊक नाही. माझ्या पणजोबांच्याही आधीपासून ती होती."

त्या वर्षी धनेशांच्या घरी पिल्ले झाली नाहीत. नर मात्र रोज सकाळी ओढ्यावर येई आणि ढोली जेवढ्या उंचीवर होती तेवढ्याच उंचीवर, नुसत्या हवेत, पंख मारत थांबून राही. पुलावरून जाणारे प्राणी वर बघायचे टाळत.

तात्पर्य : एखाद्या झाडाचे मोल आपल्याला दिसले नाही, म्हणून ते नसते असे नाही. जे पुन्हा घडवता येत नाही ते मोडण्याआधी, तिथे कोणाचा जीव गुंतला आहे ते विचारावे.