मागच्या दारची कळशी

"कुठवर कापायची म्हणतोस?"

"इथवर." अंकुशने दुनळी बंदुकीच्या नळीवर अंगठा टेकवला. "निम्मी गेली तरी चालेल, तात्या. आता डुकरामागं थोडंच धावायचंय? घरातल्या घरात फिरली म्हणजे झालं."

भिवातात्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. देवळासमोर सहाण होती, शिमग्यात पालखी टेकते तो दगडी चौथरा. तिथं ते बसले होते. एके काळी गावची शिकार त्यांच्या शब्दावर चालायची. बायको गेल्यावर त्यांनी घर पुतण्याच्या हवाली केलं नि देवळाच्या पडवीत येऊन राहिले. शिकार सुटली, पण कुणाच्या बंदुकीचं काही बिघडलं तर माणूस अजून त्यांच्याकडेच यायचा. अंकुशला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्यामागं गावात नेम कुणाचा, असं विचारलं तर अंकुश दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ द्यायचा नाही!

आल्या आल्या त्याने पायरीजवळच्या घागरीतलं पाणी पायांवर घेतलं होतं. ओल्या पावलांचे ठसे सहाणेवर अजून वाळले नव्हते.

"अडते कुठं?" तात्यांनी विचारलं.

"माजघरातून मागच्या दाराकडं वळताना. तीन रात्रींमागंच अडली. नळी चौकटीला आपटली आणि बार वळचणीत गेला. दोन कौलं फुटली. नाहीतर पाडलाच असता त्याला."

"कुणाला?"

"चोराला, दुसऱ्या कुणाला! गणपती गेल्यापासून येतोय लेकाचा. रात्री मागच्या दारी चाहूल लागते. उठून बघावं तर कुणी नाही. त्या रात्री मात्र मी टपूनच बसलो होतो. दार उघडलं नि घातला बार. केळीतून धडपडत पळाला, ऐकलं ना मी."

सांगताना अंकुशची मान ताठ झाली होती. वाघ मारल्यासारखा बोलत होता.

"दिसला?"

"काळोखात काय दिसणार, तात्या?"

तात्यांनी बंदूक उघडली. आत काडतूस होतं. ते काढून त्यांनी बाजूला ठेवलं.

"मी तुला पहिलं काय शिकवलं होतं?"

अंकुशने नाक मुरडलं. पोरासोरांना विचारायचा प्रश्न त्याला विचारावा! पण गुरूसमोर उत्तर द्यावंच लागतं.

"पाय दिसल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही."

झुडूप हललं की नवशिक्याचा हात शिवशिवतो. पण झुडपाआड डुक्कर असतं, तसा रान उठवणारा एखादा हाकाराही असतो. म्हणून खूर आहे की पाऊल, ते आधी बघायचं. ह्या एका नियमापायी तात्यांच्या शिकारीत कधी माणूस दगावला नव्हता.

"ते रानातलं झालं," अंकुश म्हणाला. "घरात कसले पाय बघत बसायचे?"

"बरं. सकाळी माग तरी काढलास?"

"हे काय विचारणं झालं? मी माग काढणार नाही तर कोण काढणार?" अंकुश खुशीत येऊन पुढं सरकला. "पुढच्या अंगणातून येतच नाही तो. गोठ्याच्या कडेनं येतो नि नीट मागच्या दारच्या दगडाशी. आणि मुजोरी बघा त्याची! कळशीतलं पाणी घेऊन पाय धुतो. सकाळी दगड ओला, कळशी निम्मी. पाय धुतो, उंबऱ्याशी उभा राहतो नि जातो. आत पाऊल नाही."

"चोरीला काय गेलं?"

"काही नाही. सुंभसुद्धा नाही."



"चोर पाय धुतो?"

"मुजोर असला म्हणजे..." अंकुशचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तात्या त्याच्या पायांकडे बघत होते.

"तू का धुतलेस?"

"मी? मी काय परका आहे? लहानपणापासून इथं येतोय. आपल्या माणसाकडं यायचं म्हणजे..."



"दिगू कुठं असतो रे हल्ली?"

दिगू म्हणजे अंकुशचा एकुलता मुलगा. गेल्या थंडीत गावची शिकार होती. हाकाऱ्यांनी उठवलेली डुकरीण नेमकी दिगूच्या पुढ्यात आली. मागं तिची पिल्लं होती. दिगूने बंदूक खाली केली. सगळं गाव हसलं, अंकुशच्या पोराचा हात लटपटला म्हणालं. घरी येऊन अंकुशने त्याला बायकोदेखत थोबाडलं, आणि पुन्हा ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर बार घालीन म्हणाला. पोरगं पिशवी घेऊन निघून गेलं. चिपळूणला बेकरीत आहे, असं कुणी कुणी सांगायचं. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"त्याचं नाव नको, तात्या," अंकुश म्हणाला. पण आवाजात आता जोर नव्हता. "मी त्याला बजावलं होतं, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर..."

"टाकलं नाही त्यानं."

पिंपळावर पाखरं परतत होती.

"कळशी रात्री बाहेर कोण ठेवतं?" तात्यांनी हळूच विचारलं.

"ही ठेवते. कितीदा सांगितलं, रात्री भांडी आत घेत जा म्हणून. ऐकेल तर शपथ! काठोकाठ भरून ठेवते रोज..."

अंकुशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बार निघाला तेव्हा ती ओरडली नाही, तात्या. मटकन खाली बसली. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरलेला नाही. मला वाटलं, आवाजानं भ्याली. तिला ठाऊक होतं हो! मला एका शब्दानं बोलली नाही."

"तुला सांगायची सोय कुठं ठेवली होतीस?"

तात्यांनी बंदूक उचलली आणि नळी त्याच्यापुढं धरली. चौकटीवर आपटलेल्या जागी टोकाशी लाकडाचा रंग लागला होता.

"हं. कुठवर कापायची म्हणालास?"

अंकुशचा अंगठा काही वर उचलेना. त्या लांब नळीकडे बघत तो ढसाढसा रडला, पोर घर सोडून गेलं त्या दिवशीही रडला नव्हता इतका. तात्यांनी त्याला रडू दिलं. मग बंदूक पडवीत नेऊन भिंतीला टेकवली आणि रिकाम्या हातांनी परत आले.

सहाणेवरचे ठसे एव्हाना वाळून गेले होते.

"काल सकाळी कळशी भरलेलीच होती, तात्या. आज सकाळी पण... थेंबसुद्धा हललेला नाही." अंकुशने डोळे पुसले. "येईल का हो तो परत?"

तात्यांनी बाजूला ठेवलेलं काडतूस उचलून खिशात टाकलं.

"सांगा ना. आता मी काय करू?"

"आजची कळशी तू भर."