उलट्या पिळाची करंजी

फार फार वर्षांपूर्वी, ज्या राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, तिथल्या एका गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहत होती. सुई धरून धरून तिच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं होतं.

त्याच हाताने ती दिवाळीत करंज्या करायची. कडा कातून टाकणं तिला पटत नसे. प्रत्येक करंजीला ती हाताने मुरड घालायची, आणि वाकड्या बोटामुळे शेवटचा पीळ तेवढा उलटा पडायचा. गावात चाळीस घरं. चाळीस घरांना चाळीस ताटं जायची, प्रत्येकावर तिने शिवलेला रुमाल. पहिल्या वर्षी हौसेने केलं. पुढे ते तिच्या गळ्यातच पडलं.

त्या वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"आई, माझ्या बाळाचं दुपटं झालं का गं?"

"अर्धं झालंय बाळा. एवढ्या करंज्या होऊ देत, मग तेच हातात घेते."

बाई लाटत राहिली, सारण भरत राहिली, मुरड घालत राहिली. खरं सांगायचं तर तिला त्या करंज्यांचा वीट आला होता. पण लोक वाट बघत असतील, एवढ्यावर ती कंबर धरून उठायची आणि पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

ताटं गेली. बाळ मात्र दुपट्यासाठी थांबलं नाही. भाऊबिजेच्या पहाटे नातू जन्मला. हवेत गारठा होता. अर्ध्या दुपट्याने डोकं झाकलं की पाय उघडे पडायचे. लेकीने आपला पदर बाळाच्या पायांवर ओढून घेतला. ते बघून बाईला रडूच आलं.

ऊन वर आल्यावर शेजारची कुंभारीण बाळाला बघायला आली. येताना दिवाळीचं ताट परत घेऊन आली. त्या गावात ताट रिकामं परत करत नसत. बाईने रुमाल उचलला. आत चार करंज्या होत्या, आणि चारींचा शेवटचा पीळ उलटा.

"अगं, या माझ्याच की!"

कुंभारणीने जीभ चावली. "माझ्याकडं धाडल्या त्या नव्हेत, अक्का. त्या मी सुतारणीच्या ताटात घातल्या. ह्या साळणीकडनं आल्या. तिच्याकडं कुठनं आल्या, देवाला ठाऊक."

"म्हणजे कुणी खाल्ल्याच नाहीत?"

"कशा खाणार? तुमच्या करंज्या घरोघरी गेल्यावर दुसऱ्याच्या ताटात आपला ओबडधोबड लाडू घालायची लाज वाटती. मग ह्याच फिरत्यात. तुमचं ताट परत करताना तेवढी साखर घालतो. आज बाळाला बघायच्या घाईत चुकलं बघा. रागावू नका, पण दिवाळी आली की तुमच्या ताटाची धास्तीच वाटती."

बाईला राग आला. मग हसूही आलं, पण हसायलाही अंगात त्राण नव्हतं. तिने एक करंजी मोडली आणि अर्धी कुंभारणीच्या हातावर ठेवली.

"खा."

दोघी उंबऱ्यावर बसून खाऊ लागल्या.

"चांगली झालीया की!" कुंभारीण म्हणाली. इतक्या वर्षांत तिने ती पहिल्यांदाच चाखली होती.

मग कुंभारणीने हात पुसले आणि दुपट्याचं दुसरं टोक हातात घेतलं. "आणा, ह्या बाजूनं मी टाके घालते. वेडेवाकडे येतील."

"येऊ देत," बाई म्हणाली.

संध्याकाळच्या आत बाळाचे पाय झाकले गेले.

पुढच्या दिवाळीत बाईने एकही ताट धाडलं नाही. चाळीस घरांतून एकानेही विचारलं नाही. तिला जरा वाईट वाटलं. मग ती नातवाशेजारी आडवी झाली आणि भर दुपारी तिला गाढ झोप लागली. शेजारी कुंभारीण मात्र आपल्या घरी कितीतरी वर्षांनी लाडू वळत होती.

लहानथोर वाचकहो, एवढं ध्यानात ठेवा: देणाऱ्याला झेपत नाही आणि घेणाऱ्याला फेडता येत नाही, अशी भेट कितीही सुंदर असली तरी ती दोघांच्याही डोक्यावरचं ओझंच असते.