डोमाच्या वाणीवर बुध प्रसन्न झाला

वैनगंगेच्या खोऱ्यात आंबेटोला नावाचे एक गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठे तळे, तळ्याला जुना मातीचा बांध आणि बांधाखाली जिकडे पाहावे तिकडे भाताची शेते. श्रीसहजगिरी महाराज फिरत फिरत त्या गावी आले तेव्हा चैत्र चालू होता आणि बायामाणसे टोपल्या घेऊन मोहफुले वेचत होती. गावच्या टेकाडावर एका मोहाच्या झाडाखाली महाराजांनी आसन टाकले. लोकांनी गवताची झोपडी उभारून दिली आणि महाराज तिथेच राहिले.

महाराजांची एक रीत होती. कोणी आपले गाऱ्हाणे घेऊन आला की ते निवांत ऐकून घेत, क्षणभर डोळे मिटत आणि एखाद्या ग्रहाचा चार शब्दांचा मंत्र त्याच्या कानात सांगत. कोणाला चंद्राचा, कोणाला शनीचा. ते म्हणत, "ग्रह म्हणजे काही आपले वैरी नव्हेत रे. देवाने नेमलेले कारभारी आहेत ते. नाव घेऊन हाक मारा, वळून बघतील."

त्या गावात डोमा मेश्राम नावाचा एक ढिवर होता. तळ्यात डोंगा घालून मासे धरावेत, विकावेत आणि मान खाली घालून घरी यावे, एवढेच त्याचे जगणे. तो लहानपणापासून तोतरा बोले. पण मुका मात्र एका दिवसात झाला. त्याचा धाकटा भाऊ पाण्यात जाळे सोडवायला उतरला आणि जाळ्यातच पाय गुंतून बुडू लागला. डोमा तेव्हा बांधावर उभा होता. पलीकडे चार पट्टीचे पोहणारे बसले होते. एक हाक पुरे होती! डोमाने तोंड उघडले, गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर आले, पण "ब... ब..." याच्यापुढे शब्द सरकला नाही. 'बुडला' हा शब्द ओठांवर अडकून राहिला आणि भाऊ बुडाला. तेव्हापासून डोमाने बोलणेच सोडले. बायकोशीसुद्धा तो हातवाऱ्यांनी बोले.

त्याची बायको पार्बता एके दिवशी त्याचा हात धरून टेकाडावर आली.

"महाराज," ती म्हणाली, "याले बोलता येत न्हाई जी. बोलायले गेला का तोंडातच अडकते. भाऊ गेला डोळ्यांदेखत, तवापासून तर काहीच बोलत न्हाई. रात्री झोपेत तेवढा ब-ब करते आन् रडत उठते."

महाराजांनी डोमाकडे पाहिले. किती वेळ पाहत राहिले! मग त्यांनी त्याला जवळ बसवले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाचेचा धनी बुध. तो तुझ्यावर रुसला आहे, बाबा. त्याला तूच बोलाव." आणि त्यांनी त्याच्या कानात मंत्र सांगितला, 'ॐ बुं बुधाय नमः'.

डोमा घाबरला. ज्या अक्षराने त्याचा घात केला, तेच अक्षर मंत्राच्या तोंडाशी! त्याने मान हलवून नकार दिला. तेव्हा महाराज म्हणाले, "अडलास तर अडत जा. पण थांबू नकोस. मोजू नकोस, लाजू नकोस. डोंग्यात बसलास की म्हण, जाळे विणताना म्हण. बुधवारी मूठभर हिरवे मूग पाखरांना टाक. जा."

त्या दिवसापासून डोमाचा जप सुरू झाला. तळ्यावरून जाणाऱ्यांना त्याचा आवाज ऐकू येई, "ॐ बु... बु... बुं बु... बु..." कधी एक मंत्र पुरा व्हायला डोंगा तळ्याच्या या काठाहून त्या काठाला पोहोचे. पण तो थांबत नसे.

गावाचे जोशी होते विश्वंभरशास्त्री. मोठे व्युत्पन्न माणूस! पंचांग त्यांना तोंडपाठ, उच्चार तर असा की एक अनुस्वार सांडायचा नाही. पंचक्रोशीतली ग्रहशांती त्यांच्यावाचून होत नसे. पण विद्येबरोबर अहंकारही घरात येऊन बसला होता. मासे धरणाऱ्या ढिवराला साधूने बीजमंत्र दिला, हे त्यांच्या कानावर आले आणि ते तडक टेकाडावर चढून आले. मागोमाग तमाशा बघायला गावही आले. डोमा तिथेच झोपडीपुढची जागा झाडत होता.

"महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले, "आपण साधू, आपल्याला मी काय सांगावे! पण याची पत्रिका कुठे आहे? जन्मवेळ कोणी पाहिली? बुध कोणत्या स्थानी आहे, अस्त आहे की वक्री आहे, हे ठाऊक नसताना मंत्र दिलात कसा?"

महाराज हसले. "वाचेवर घाव दिसतो आहे, शास्त्रीबुवा. बुध रुसला आहे हे कळायला पत्रिका कशाला हवी?"

"आणि उच्चार? अशुद्ध मंत्राने ग्रह शांत होत नाही, कोपतो! हा असा ब-ब-ब करत बसला तर बुध आहे ती जीभही काढून नेईल. म्हण रे डोमा, म्हणून दाखव एकदा सगळ्यांपुढे!"

डोमा झाडणी टाकून उभा राहिला. त्याने महाराजांकडे पाहिले, हात जोडले आणि प्रयत्न केला. "ॐ बु... बु... बु... बु..."

लोक खो खो हसले. शास्त्रीबुवांनी दोन्ही हात उडवले. पार्बतेने पदराने तोंड झाकले. डोमाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पण ओठ काही थांबले नाहीत.

महाराज मात्र प्रसन्न दिसत होते. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही एका मंत्रात बुधाचे बीज एकदा घेता. हा किती वेळा घेतो, ते ऐकलेत ना? बुधाचे दार इतके कोणी ठोठावले तर त्याला ते उघडावेच लागेल."

शास्त्रीबुवा पाठ फिरवून टेकाड उतरले; पण त्यांच्या मनातली अढी गेली नाही.

पुढे पावसाळा आला आणि त्या साली पाऊस हटेचना. भाद्रपद लागला तरी आभाळ उघडत नव्हते. तळे काठोकाठ भरले, सांडव्यावरून पाणी धबाबा पडू लागले, शेतातला धान उभ्या उभ्या कुजू लागला. गावाने ठरवले, नवग्रहांची मोठी शांती करायची. बांधाच्या पायथ्याशी देवीचे देऊळ होते. त्याच्यापुढे मांडव पडला, कुंड रचले गेले. शास्त्रीबुवा मुख्य आचार्य. शांतीच्या दिवशी पाऊस उघडला तशी सगळी बायकापोरे मांडवात लोटली. शास्त्रीबुवांच्या वृद्ध मातोश्रीही आल्या होत्या आणि मांडवामागच्या रांधणीच्या छपरात प्रसादाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या.

डोमाही आला. छपरात बसलेल्या मातोश्रींना त्याने येता येता हात जोडले. मांडवाच्या एका खांबाला टेकून तो हळू आवाजात आपला जप करू लागला. शास्त्रीबुवांच्या कानांनी तो आवाज टिपलाच.

"कोण आहे तो? डोमा? ऊठ, ऊठ तिथून! तुझ्या मोडक्या मंत्राने माझे अनुष्ठान बाटवतोस? जा तळ्यावर आणि तुझ्या माशांना ऐकव!"

पुन्हा हशा झाला. डोमा उठला, देवीला दुरूनच नमस्कार केला आणि निघाला. त्याला राग आला नाही. त्याने डोंगा सोडला आणि बांधाच्या कडेकडेने वल्हवत, जप करत तो तळ्याच्या दूरच्या टोकाकडे गेला.

तिथून परतताना त्याला पाणी गरगरताना दिसले. बांधाला लागूनच एक भोवरा पडला होता आणि काडीकचरा त्यात ओढला जाऊन दिसेनासा होत होता. डोमाचे अर्धे आयुष्य पाण्यावर गेले होते; बांध आतून पोखरला आहे, हे तो समजला. त्याने डोंगा काठाला लावला, बांधावर चढून पलीकडे पाहिले. बांधाच्या खालच्या अंगाने लाल चिखलाचे पाणी उसळून बाहेर पडत होते. माती ढासळत होती. बघता बघता माथ्यालाही भेग पडली.

आणि भेगेच्या पलीकडे, खाली, सगळे गाव मांडवात बसले होते!

धावत जावे तर वाट भेगेवरूनच. डोंग्याने जावे तर भोवरा गिळणार. डोमाने हात उंचावले, पांघरलेले धोतर काढून हलवले. कोणी वर पाहील तर ना! खाली सनई वाजत होती, ढोल वाजत होता, स्वाहाकार चालला होता आणि वारा तिकडून इकडे वाहत होता. त्याच्या डोळ्यांपुढे तो जुना दिवस उभा राहिला. तोच बांध, तेच पाणी, आणि गळ्यात अडकलेले तेच अक्षर.

"ब..." डोमाने तोंड उघडले. "ब... ब..."

त्याच वेळी टेकाडावर महाराज काही भाविकांशी बोलत बसले होते. बोलता बोलता ते एकाएकी उठून उभे राहिले. तळ्याच्या दिशेने उजवा हात उचलून मोठ्याने म्हणाले, "बोल, डोमा! बुधदेव तुझ्या जिभेवर आले आहेत. बोल!"

भाविक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. आणि तेवढ्यात ती हाक आली.

"बांध फुटला जी! बाहेर निघा! बांध फुटला!"

काय तो आवाज! ढोलाच्या वर, सनईच्या वर, वाऱ्याला कापत आला. पुढे कितीतरी वर्षे लोक सांगत की तो दुरून आल्यासारखा वाटलाच नाही. आपल्या शेजारी उभे राहूनच कोणी बोलते आहे, असे ज्याला त्याला वाटले. ढोलकऱ्याचा हात वरच्या वर थांबला.

शास्त्रीबुवा ओरडले, "बसा, बसा! शांती मोडू नका! कोण चेष्टा करतो आहे?"

पण पार्बता ताडकन उठली. तिने तो आवाज असा मोकळा आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तरी तिने तो ओळखला. "माझा मालक हाय तो!" ती किंचाळली. "डोमा बोलते हाय! उठा रे, पोरं उचला!"

माणसे उठली. पोरे काखोटीला मारून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन सगळा गाव टेकाडाकडे धावला. शास्त्रीबुवाही समिधा टाकून निघाले. ते चढाला लागतात न लागतात तोच पुन्हा हाक आली. एकही अक्षर अडले नव्हते.

"शास्त्रीबुवा! मायबाई छपरात हायत जी! रांधणीच्या छपरात! मांगं फिरा!"

शास्त्रीबुवा जागीच थबकले. आई! गडबडीत आईचे भानच राहिले नव्हते. ते मागे फिरले, चिखलातून धडपडत छपरात शिरले. म्हातारीला ऐकू कमी येई. ती आपली सुपात तांदूळ पाखडत बसली होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलले आणि धावत सुटले. बांध डोळ्यांसमोर खचत होता, मातीचे ढिगारे सुटत होते. पण भाविकहो, पाण्याची भिंत जणू कोणी हाताने अडवून धरली होती! शास्त्रीबुवांचे पाऊल टेकाडाच्या खडकावर पडले आणि मगच बांध दुभंगला. तळे गर्जत खाली आले. मांडव, कुंड, छप्पर, सगळे एका लोटात वाहून गेले. देऊळ तेवढे उभे राहिले. बरीच शेते गेली. माणूस मात्र एकही गेला नाही.

पाणी ओसरल्यावर डोमा तळ्याला वळसा घालून टेकाडावर आला. लोकांनी त्याला पाहिले आणि जो गजर झाला तो काय सांगावा! ढोलकऱ्याने ढोल वाचवून आणला होता, तो घुमू लागला. तरण्या पोरांनी डोमाला खांद्यावर घेतले. महाराजांचा आणि डोमाचा एकच जयजयकार! खांद्यावरून उतरून डोमा पार्बतेपुढे उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

"पार्बता," तो म्हणाला, "रडू नोको. मी बोलतो आता."

ते ऐकून ती अधिकच रडू लागली. आणि रडता रडता हसू लागली.

मग डोमाने महाराजांचे पाय धरले. "महाराज, त्या दिवशी भावासाठी न्हाई निघाली जी हाक. आज कशी निघाली?"

महाराजांनी त्याला उठवून छातीशी धरले. "तेव्हा तू एकटा होतास, बाळा. आज ज्याला इतके दिवस बोलावत होतास, तो तुझ्याबरोबर होता."

गर्दी बाजूला झाली. आईला मोहाच्या झाडाखाली बसवून विश्वंभरशास्त्री पुढे आले होते. अंगावरचे रेशमी सोवळे चिखलाने माखले होते, डोळे खाली होते. ते महाराजांपुढे आडवे पडले.

"महाराज, मी अक्षरे सांभाळली आणि देवाला विसरलो. ज्याला मी मांडवातून हाकलले, त्याच्याच तोंडून देवाने माझी आई मला परत दिली. मला क्षमा करा!"

महाराज शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची विद्या खरी आहे, ती टाकू नका. शुद्ध उच्चार हा देवाचा मानच आहे. पण ज्याची जीभ अडते, त्याची हाकही देवाला पोहोचते, एवढे ध्यानात असू द्या. क्षमा मागायची असेल तर ज्याला दुखावलेत त्याच्याकडे मागा."

शास्त्रीबुवा उठले. साऱ्या गावादेखत ते डोमापुढे गेले आणि वाकून त्याच्या पायांना हात लावू लागले. डोमा चटका बसल्यासारखा मागे सरला. "असं करू नोका जी, मोठी माणसं तुमी!" पण शास्त्रीबुवांनी ऐकले नाही. चिखलाने भरलेल्या त्या पायांवर त्यांनी कपाळ टेकले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. थोड्या वेळाने वर पाहतात तो डोमा मोहाच्या झाडाखाली जाऊन स्वतःच्या पांघरलेल्या धोतराने त्यांच्या आईच्या डोक्यावर उडालेला चिखल पुसत होता.

श्रीसहजगिरी महाराजांची ही लीला जो कोणी प्रेमाने ऐकेल, त्याच्या अडलेल्या वाणीला वाट मिळो आणि त्याची हाक त्या दयाघनाच्या कानी पडो!